शेरा

गॅलरीत उतरायला एकशे बारा पायऱ्या.
पुढे पुनाजी लहामगे, हातात बॅटरी, गळ्यात स्टॉपवॉच,
मागे मी, महिन्याभराची कनिष्ठ अभियंता,
स्वतःच्या बुटांचा आवाज चोरत.
"डोकं सांभाळा मॅडम. इथं सगळे वाकूनच जातात,
मंत्री आला तरी."

छतातून चुन्याच्या बारीक दाढ्या लोंबत होत्या.
भिंतीपलीकडे वीस पुरुष पाणी,
अलीकडे आम्ही दोघं आणि नळीत बसलेला एक बेडूक.

"धरण गळतंच," तो म्हणाला,
"गळत नाही म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका."
मग एकेका ब्लॉकपुढे उकिडवा बसून
त्याने धरणाची नाडी पाहिली.
सात : मिनिटाला सव्वा लिटर.
नऊ : पाऊण.
अकराशी मात्र मापाआधी त्याने तळहात धरला,
तो भरू दिला,
आणि तसाच कपाळाला पुसला.
"ही आमच्याकडची."
नव्या माणसानं पहिल्या फेरीत फार विचारू नये,
असं नाशिकच्या ऑफिसात मला बजावलं होतं.

रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना शेऱ्याचा.
एकतीस वर्षं, त्याच्या उतरत्या अक्षरात,
रोज एकच शब्द : निरंक.

वर वीजगृहात दोन संच चालू.
टेबलावरच्या बशीत कप थरथरायचा.
इथून पाणी कालव्यानं निफाडच्या द्राक्षांकडे,
मग आणखी खाली, जिथले लोक
आमच्या नावानं बोटं मोडत वाट बघतात.
वीज तारांवरून त्याच्या पाड्याच्या डोक्यावरून गेली,
आणि खाली उतरायला तिला
त्याची थोरली दोनदा दहावीला बसेपर्यंत वेळ लागला.
हे तो हसत सांगायचा. मला हसता यायचं नाही.

त्या वर्षी एप्रिलातच पाणी खोल गेलं.
आधी चिंचेचं खोड दिसलं, मग खाचरांचे बांध.
पन्नास वर्षं बुडून
एकही बांध आपला कोपरा विसरला नव्हता.
ऑफिसानं गाळपेराची नोटीस लावली.
त्रेचाळीस अर्ज आले. सदतिसावा त्याचा.

क्षेत्र : वीस गुंठे, ब्लॉक अकराच्या समोर.
पीक : काकडी.
मुदत : पाणी चढेपर्यंत.
जमिनीशी संबंध :
इथं बाकीच्यांनी लिहिलं होतं वडिलोपार्जित,
किंवा गट नंबर, किंवा संपादनाचं साल
आणि त्याखाली अंगठा.
त्यानं लिहिलं होतं :
गळती मोजतो.

दोन दिवस तो अर्ज मी फायलींच्या तळाशी ठेवला.
विभागाच्या माणसाला गाळपेर नाही,
परिपत्रक काचेखाली होतं, मीच ठेवलेलं.
तिसऱ्या दिवशी नामंजूर लिहून सही केली.
त्यानं कागद वाचला, चार घड्या घातल्या,
खिशात टाकला
आणि म्हणाला, "सातचं माप चेपलंय मॅडम,
नवं मागवा."

मे महिन्यात पाहणीला भिंतीवर गेले.
दुर्बीण बांधाबांधानं सरकत गेली.
वीस गुंठे मोकळे, भेगाळलेले,
फक्त एका कोपऱ्यात, चुलीएवढ्या जागेत,
हिरवं काहीतरी,
आणि डोक्यावर कळशी घेऊन उतरणारी एक बाई.
कुणाची ते इतक्या लांबून ओळखू येत नव्हतं.
ओळखू येत होतं.

खाली येऊन पाहणीवही उघडली.
तारीख, वेळ, पातळी, सही.
शेरा : निरंक.

जूनच्या अखेरीस पाणी परत आलं,
अकराची गळती पूर्वीसारखी झाली.
"तीनच निघाल्या," त्यानं पायऱ्या उतरताना सांगितलं,
माझ्याकडे न बघता,
"त्यातली एक कडू."